वकिलाची फी, खर्च आणि त्यावरून होणारी भांडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. फीबद्दलचे प्रश्न मला कोर्टात कमी आणि लग्नाच्या पंगतीत जास्त विचारले जातात. आपल्या वकिलाबद्दल दुसऱ्या वकिलाला विचारणं लोकांना चहाडी केल्यासारखं वाटतं, त्यामुळे सुरुवात नेहमी "आमच्या एका नातेवाइकांचं असं झालंय" अशीच होते. खालचे प्रश्न त्या नातेवाइकांचे. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातल्या पक्षकारांना समोर ठेवून लिहिली आहेत; मुंबईच्या सॉलिसिटर फर्म आणि इंग्लंड यांचा विषय शेवटाकडे आहे.

वकिलाच्या फीचा सरकारी दर असतो का?

नसतो. १९२६ सालचा लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट सांगतो की वकील आणि पक्षकार यांनी आपसात जी फी ठरवली ती ठरली. काहीच ठरलं नसेल तर हरलेल्या पक्षावर खर्च बसवताना कोर्ट वकिलाच्या फीसाठी जो हिशेब वापरतं, तेवढ्याच फीसाठी वकिलाला दावा करता येतो. ती रक्कम आजच्या व्यवहारातल्या फीच्या मानाने फारच किरकोळ निघते. म्हणजे फी न ठरवण्यात खरा तोटा वकिलाचा. तरी "घ्या हो, बघू नंतर" म्हणणारे वकील आमच्यात ढिगाने आहेत, आणि त्यांच्याच कचेरीत पुढे आवाज चढतात.

मग फी ठरवताना काय लिहून घ्यायचं?

रक्कम सगळे विचारतात. ती कशाची, हे कोणी विचारत नाही.

पक्षकाराच्या डोक्यात "केस" ही एकच वस्तू असते: सुरू झाली, निकाल लागला, संपली. वकिलाच्या डोक्यात तिचे तुकडे असतात. मूळ दावा एक, त्यातला मनाई हुकमाचा अर्ज दुसरा, त्या अर्जावरचं अपील तिसरं, निकालानंतरचं अपील चौथं, आणि हुकूमनामा हातात आल्यावर प्रत्यक्ष ताबा मिळवायची दरखास्त पाचवी. "केसचे पन्नास हजार" असं ठरलं तेव्हा पक्षकाराने पाचही धरलेले असतात आणि वकिलाने एक. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

एक साधा कागद पुरतो. मी माझ्या पक्षकारांना देते तो साधारण असा असतो (आकडे उदाहरणाचे): "वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा, खालच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. एकूण फी ६०,००० रुपये. त्यापैकी २०,००० दावा दाखल करताना, २०,००० साक्षीपुरावा सुरू होताना, २०,००० युक्तिवादाच्या आधी. मनाई अर्जाची फी यात धरली आहे. अपील आणि दरखास्त यात नाही. कोर्ट फी, नकला, टायपिंग, नोटरी, बेलिफ, कोर्ट कमिशनर यांचा खर्च वेगळा. त्याची नोंद वेगळी ठेवली जाईल." खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.

तारीखवार फी ठरत असेल तर आणखी एक गोष्ट आधी विचारा: न्यायाधीश रजेवर असतील, किंवा बोर्डावर (त्या दिवशीच्या केसच्या यादीत) असूनही केस पुकारलीच गेली नाही, तर त्या दिवसाची फी लागणार का? काही वकील घेतात, काही घेत नाहीत. चूक कोणाचीच नाही, पण पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. आणि सीनियर काउन्सेल (कोर्टात युक्तिवादासाठी लावलेले ज्येष्ठ वकील) लावायची वेळ आली तर त्यांची फी, कॉन्फरन्सची फी कोण ठरवणार, हेही.

कागदावर सही मागायला अगदीच जड जात असेल तर घरी गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप करा: "साहेब, आज ठरल्याप्रमाणे दाव्याची फी एकूण ६०,०००, त्यात मनाई अर्ज आला, अपील वेगळं. बरोबर ना?" समोरून "हो" आलं की झालं. पुढे वाद झालाच तर निदान काय ठरलं होतं ते दाखवायला हा मेसेज हाताशी राहतो.

वकीलपत्रावर सही केली म्हणजे फीचा करार झाला का?

नाही. वकीलपत्र म्हणजे तुमच्या वतीने हजर राहायचा अधिकार. मात्र छापील वकीलपत्राच्या बारीक अक्षरांत फी न दिल्यास काम सोडण्याचं कलम बऱ्याचदा असतं. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका, निदान केसचं नाव तरी भरून घ्या.

"आत्ता काही देऊ नका, निकाल लागल्यावर दहा टक्के द्या," असं वकील म्हणाले. चांगलंच नाही का?

ऐकायला चांगलं आहे. भूसंपादनाच्या आणि मोटार अपघाताच्या भरपाईत ही पद्धत सर्रास चालते, आणि पैसे नसलेल्या माणसाला वकील त्यामुळेच मिळतो, हेही मी नाकारत नाही. पण भारतातल्या नियमांत ते बसत नाही. वकिलांच्या व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांपैकी नियम २० स्पष्ट सांगतो: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच एका ज्येष्ठ वकिलाला वसुलीत निम्मा वाटा ठरवल्याबद्दल दोषी धरलं होतं.

अलीकडचं उदाहरण जास्त कामाचं आहे. बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य, निकाल डिसेंबर २०१७ चा. मोटार अपघाताच्या भरपाईचं प्रकरण. सुनीताबाईंनी आपल्या वकिलांना १० लाख रुपये दिले होते. वकिलांचं म्हणणं, फी मिळालेल्या रकमेच्या १६ टक्के ठरली होती. त्यापोटी ३ लाखांचा आणखी एक चेक त्यांच्या हातात होता. तो वटला नाही तेव्हा त्यांनी बाईंवर चेक बाऊन्सची फौजदारी केस घातली. न्यायमूर्ती आदर्श गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांनी ती केसच रद्द केली. मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांवर फी मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि अशा करारावरून वसुली करता येत नाही, असं त्यांनी म्हटलं.

तेव्हा टक्केवारीचा चेक आधीच देऊन बसला असाल तर घाबरून आणखी काही सही करू नका. मात्र वकिलाने केलेल्या कामाची रास्त फी बुडवायला हा निकाल वापरता येईल, असंही समजू नका.

पावती मागितली तर वकील रागावतील का?

रागावू द्या.

शक्यतो पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या आणि शेरा लिहा: "फी, पहिला हप्ता". एकाच व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याचीच बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला बसतो. त्यामुळे "सगळं कॅशच द्या" या आग्रहाला तुमच्याकडे सभ्य उत्तर आहे.

खर्चाला म्हणून दिलेले पैसे वकिलांनी फीमध्ये वळते केले. असं करता येतं का?

तुमच्या लेखी संमतीशिवाय, केस चालू असताना, नाही. बार कौन्सिलच्या त्याच नियमांपैकी नियम २६.

यावरून माझ्याकडे एकदा एक आजोबा आले होते. बरोबर शाळेची दोनशे पानी वही. चौदा वर्षांच्या वाटपाच्या दाव्यात वकिलाला दिलेला प्रत्येक रुपया त्यात होता: "तारीख, ५००", "तारीख, ५००", "स्टॅम्प, ४,०००", "साहेबांच्या कारकुनास चहापाणी, १००". एसटीचं तिकीटसुद्धा शेजारी चिकटवलेलं. वही बघून मला वकिलांचीच दया आली, कारण त्यांच्याकडे उलट बाजूने काहीच लिहिलेलं नव्हतं. आजोबांच्या वहीतले "स्टॅम्पचे" आणि कोर्टाच्या रेकॉर्डवर खरोखर लागलेले स्टॅम्प यांत फरक निघाला. वकील म्हणाले, तो फरक फीचा. आजोबा म्हणाले, मग तसं सांगायचं होतं. मला आजोबांचं पटलं, आणि नियमही त्यांच्याच बाजूचा आहे: पैसे घेताना ते फीचे की खर्चाचे, याची नोंद वकिलाने करायची असते.

कोर्ट फीबद्दल एक खास गोष्ट. महाराष्ट्रात ऑक्टोबर १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेचे काही वाद अशा ठरावीक प्रकारच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. बहिणीने लावलेल्या दाव्यात "स्टॅम्पला" म्हणून मोठी रक्कम मागितली गेली तर माफी का लागू नाही, एवढं जरूर विचारा. प्रत्येक प्रकरणात ती लागू होईलच असं नाही, पण विचारल्यावर उत्तर मिळायला हवं.

वकिलांकडे हिशेब मागता येतो का?

येतो. तुमच्या पैशांचा तारीखवार हिशेब ठेवणं हे त्यांचं कर्तव्य आहे (नियम २५), आणि मागितल्यावर त्याची प्रत द्यावी लागते, कॉपीचा खर्च तुमचा (नियम ३०). भांडणाचा सूर नको. असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा:

"आदरणीय वकीलसाहेब, स.न.वि.वि. माझ्या वरील दाव्यासाठी मी आपल्याला वेळोवेळी दिलेल्या रकमांपैकी फीपोटी किती जमा झाली आणि खर्चापोटी किती, याचा हिशेब मला हवा आहे. माझ्या नोंदींची यादी सोबत जोडली आहे. कृपया पंधरा दिवसांत आपल्याकडील हिशेबाची प्रत द्यावी. कॉपीचा खर्च मी देईन. दाव्याचं काम पूर्ववत चालू राहावं ही विनंती. कळावे."

यात "फसवणूक" हा शब्द नाही, हे मुद्दाम. तो एकदा लिहिला की पुढचं बोलणं बंद होतं, आणि पुष्कळदा हिशेब मांडताना दोघांच्याही विसरलेल्या रकमा सापडतात.

वकील बदलायचाय. जुने वकील ना हरकत देत नाहीत आणि फाइलही सोडत नाहीत. म्हणतात, आधी बाकी भरा.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत कमी माहीत असलेलं उत्तरही याचंच.

फाइल अडवता येत नाही. २२ ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात हे कायमचं सांगून टाकलं आहे. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेने आपल्या वकिलाचं काम थांबवलं आणि फाइली परत मागितल्या. वकिलाने ९७,१०० रुपयांचं बिल पुढे केलं: पैसे द्या, मग फाइली. त्यांचा आधार होता कराराच्या कायद्यातलं कलम १७१, ज्यात हायकोर्टाच्या अ‍ॅटर्नीला बाकी मिळेपर्यंत माल ताब्यात ठेवता येतो असं म्हटलं आहे. कोर्टाने विचारलं, केसची फाइल हा माल आहे का? माल म्हणजे ज्याची विक्री करून पैसे होतात तो. सातबारा, खरेदीखताची नक्कल आणि साक्षीदारांची टिपणं कोण विकत घेणार? फाइल ही पक्षकाराची, आणि फीसाठी ती रोखून धरणं हे गैरवर्तन. बार कौन्सिलने त्या वकिलांना १८ महिने प्रॅक्टिस बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने कायदा तोवर पुरेसा स्पष्ट नव्हता हे लक्षात घेऊन ती ताकीदीवर आणली. आता तो स्पष्ट आहे, त्यामुळे तेवढी सवलत पुढच्यांना मिळेलच असं नाही.

ना हरकतीचं काय? नवीन वकिलाने जुन्या वकिलाची संमती घ्यावी हा नियम आहेच (नियम ३९), आणि तो चांगला नियम आहे. पण त्याच नियमात पुढे म्हटलं आहे की संमती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घ्यावी आणि हजर व्हावं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे जुनं वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने लेखी रद्द करता येतं. पद्धत अशी: जुन्या वकिलांना लेखी कळवायचं, आठ-दहा दिवस वाट बघायची, मग नवीन वकिलाच्या हस्ते अर्ज द्यायचा आणि सोबत पत्राची पोचपावती जोडायची. माझ्या अनुभवात असा अर्ज न्यायाधीश सहसा अडवत नाहीत.

फाइल मिळेपर्यंत थांबून राहू नका. कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची नक्कल तुम्हाला नक्कल विभागातून काढता येते. तुमच्या वकिलाकडेच अडकलेला मूळ कागद, उदाहरणार्थ मूळ मृत्युपत्र किंवा खरेदीखत, हीच खरी अडचण. म्हणून मूळ कागद पहिल्यापासून घरात ठेवावेत आणि वकिलांना झेरॉक्स द्यावी. कोर्टात मूळ दाखल करायचा दिवस येईल तेव्हा स्वतः घेऊन जायचा.

पण फी खरंच बाकी आहे, मलाही मान्य आहे. तरी फाइल मिळेल?

मिळेल. बाकी फीसाठी वकिलाला दिवाणी दावा करता येतो, तीन वर्षांच्या मुदतीत. फाइल आणि फी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. पण मान्य आहे तर द्या ना. निदान हप्ते तरी बांधून घ्या.

वकिलांनी मध्येच केस सोडली. पूर्ण फी घेऊन बसलेत.

पुरेसं कारण आणि वाजवी आगाऊ सूचना याशिवाय वकिलाने घेतलेलं काम सोडायचं नाही. सोडलंच तर न केलेल्या कामाची फी परत करायची. नियम १२. किती काम झालं यावर वाद होतो, म्हणून हप्त्यांचा कागद उपयोगी पडतो.

इथे एक शब्द माहीत असू द्या: "नो इन्स्ट्रक्शन पुरशिस". वकील कोर्टात एक ओळीची पुरशिस देतात की पक्षकाराकडून मला काही सूचना नाहीत, आणि बाजूला होतात. तुम्हाला पत्ताच नसतो. मग एकतर्फी हुकूमनामा होतो आणि बेलिफ दारात आल्यावर कळतं. सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलं आहे की अशा वेळी पक्षकाराला नोटीस गेली पाहिजे. तसं झालं नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण त्याची मुदत फक्त ३० दिवसांची आहे. समन्स नीट बजावलं गेलं असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच मोजायची. कळलं त्या दिवशी पळा. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज असतो, पण तो एक नवा डोंगर.

केस हरलो. फी परत मिळेल का?

नाही. फी कामाची असते. वकील तारखांना गेलेच नाहीत, अपिलाची मुदत घालवली, असं असेल तर तो निष्काळजीपणाचा वेगळा विषय. त्यासाठी वकिलावर दिवाणी दावा करता येतो आणि १९२६ चा कायदा तशी वाट मोकळी ठेवतो.

दावा दाखल झाल्यावर दोन महिन्यांत भावाभावांत तडजोड झाली. तरी पूर्ण फी?

ठरवताना काय बोलणं झालं त्यावर. ठोक फी ठरली असेल तर वकील मागू शकतात, आणि खरं सांगायचं तर तडजोड घडवून आणणाऱ्या वकिलाने जास्त काम केलेलं असतं. टप्प्यांनी ठरली असेल तर झालेल्या टप्प्यांचीच. तडजोड लोकअदालतीत झाली असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. तो परतावा तुमचा. त्याची आठवण करून द्यायला विसरू नका.

भरपाईची रक्कम वकिलांनीच कोर्टातून उचलली आणि आम्हाला सांगितलंही नाही.

हा फीचा वाद राहत नाही. पक्षकाराच्या वतीने पैसे मिळाले की लवकरात लवकर त्याला कळवायचं, हा नियम आहे. हरीशचंद्र तिवारी विरुद्ध बैजू या प्रकरणात एका शेतकऱ्याची भूसंपादनाची रक्कम वकिलाने परस्पर काढून स्वतःकडे ठेवली होती. रक्कम होती ८,११८ रुपये. सर्वोच्च न्यायालयाने त्या वकिलाचं नाव सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) यादीतून कायमचं काढायला लावलं. रक्कम लहान आहे म्हणून कोर्टाने गय केली नाही. उलट निरक्षर, म्हाताऱ्या पक्षकाराचे पैसे होते याकडे बोट दाखवलं.

भरपाई थेट तुमच्या बँक खात्यात जमा करा असा अर्ज आधीच द्या. आणि इथे बार कौन्सिलबरोबरच पोलीस तक्रारीचाही विचार करा.

ग्राहक मंचात जाऊ का?

नको. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. २००७ चा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा उलट निकाल त्यामुळे गेला. इंटरनेटवर अजून जुनं वाचून लोक अर्ज लिहून आणतात.

बार कौन्सिलकडे तक्रार केली तर पैसे परत मिळतात का?

ही अपेक्षा आधी काढून टाका, म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची शिस्तपालन समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते किंवा सनदेच्या यादीतून नाव काढू शकते. तुमची फी वसूल करून देणं हे तिचं काम नाही. त्यासाठी दिवाणी दावा. पण तक्रारीची नोटीस गेल्यावर पुष्कळदा फाइलही येते आणि पैसेही, हेही तितकंच खरं.

नुसती "फी जास्त घेतली" ही तक्रार टिकत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही मान्य केलेली फी नंतर महाग वाटली म्हणून ती गैरवर्तन होत नाही. टिकतात त्या गोष्टी अशा: फाइल अडवली, हिशेब दिला नाही, टक्केवारी मागितली, खर्चाचे पैसे खाल्ले, सांगितल्याशिवाय बाजूला झाले, दुसऱ्या बाजूशी संधान बांधलं. तक्रारीत हेच मुद्दे तारखेसकट लिहा, प्रतिज्ञापत्र जोडा, आणि वकिलांचा स्वभाव, त्यांची गाडी, त्यांचा बंगला यांबद्दलचे परिच्छेद काढून टाका. मी वाचलेल्या तक्रारींत गाडीचा उल्लेख पावतीपेक्षा जास्त वेळा असतो.

कायद्याप्रमाणे तक्रार वर्षभरात निकाली निघायला हवी. नाही निघाली तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत तिथे अपील, आणि त्यापुढे पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

कोर्टाने "खर्चासह दावा मंजूर" केलाय. म्हणजे माझ्या वकिलाची फी समोरचा देणार?

थोडीशी. हुकूमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो, त्यात वकिलाच्या फीची एक ओळ असते. ती वाचा म्हणजे कळेल. तुम्ही दिलेले साठ हजार तिथे दिसणार नाहीत. समोरच्याकडून मिळणारा खर्च आणि तुमच्या वकिलाशी ठरलेली फी यांचा एकमेकांशी संबंध नाही. व्यापारी न्यायालयांत २०१५ च्या कायद्यानंतर खर्चाचे नियम कडक झाले आहेत, पण घर-जमिनीच्या दाव्यांना त्याचा फायदा नाही.

बिलात १८ टक्के जीएसटी लावलाय.

घरगुती पक्षकार असाल तर लागत नाही. व्यवसाय नसलेल्या व्यक्तीला वकिलाने किंवा वकिलांच्या फर्मने दिलेली सेवा करमुक्त आहे. व्यवसायाला दिलेली असेल तर कर बहुधा सेवा घेणाराच सरकारला भरतो, वकील नव्हे. नम्रपणे विचारा.

विधी सेवा प्राधिकरणाने मोफत दिलेले वकीलच पैसे मागतायत.

देऊ नका. त्यांना फी प्राधिकरण देतं. तुमच्याकडून काहीही घ्यायला त्यांना मनाई आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा, हे सचिव स्वतः न्यायाधीश असतात. १५१०० हा फोन नंबरही आहे.

मुंबईच्या सॉलिसिटर फर्मचं बिल तासावर आलंय. तिथे वेगळा कायदा आहे का?

मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) एके काळी दोन जाती होत्या: पक्षकाराशी बोलणारा सॉलिसिटर आणि कोर्टात उभा राहणारा काउन्सेल. कायद्यातली ती सक्तीची विभागणी १ जानेवारी १९७७ पासून संपली. सॉलिसिटरची परीक्षा बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी अजून घेते आणि नावाचा रुबाब टिकून आहे, पण वर सांगितलेले सगळे नियम त्यांनाही लागू. हायकोर्टात टॅक्सिंग मास्टर नावाचा अधिकारी असतो, तो खर्चाची बिलं तपासून किती रास्त ते ठरवतो. मूळ शाखेतल्या कामाचं बिल असेल तर ती वाट कितपत उघडी आहे हे दुसऱ्या वकिलाकडून समजून घ्या.

तासाच्या बिलात एकच मागणी करा: कोणी, कोणत्या तारखेला, काय काम, किती वेळ. "कागदपत्रांचा अभ्यास, ९ तास" या ओळीखाली तीन असोसिएट (फर्ममधले कनिष्ठ वकील) असतील, तर तिघांनी एकच करार वाचला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मुलगी लंडनला असते. तिथल्या सॉलिसिटरने घराच्या व्यवहाराचं बिल सांगितल्यापेक्षा बरंच जास्त लावलंय.

तिथे तिची बाजू इथल्यापेक्षा भक्कम आहे, पण घड्याळ कडक आहे. सॉलिसिटर्स अ‍ॅक्ट, १९७४ च्या कलम ७० प्रमाणे बिल मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत तिने कोर्टाकडे बिलाची तपासणी मागितली तर ती हक्काने मिळते. महिना उलटला तर कोर्टाच्या मर्जीवर. बारा महिने उलटले किंवा बिल चुकतं केलं तर विशेष कारण दाखवावं लागतं. तपासणीत बिल एक पंचमांश किंवा जास्त कमी झालं तर तपासणीचा खर्च साधारणपणे सॉलिसिटरवर बसतो. त्यामुळे बिल अगदी थोडंच फुगलेलं असेल तर या वाटेने जाणं महागात पडू शकतं.

रक्कम लहान असेल तर लीगल ओम्बड्समन, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी तिथली यंत्रणा. आधी फर्मकडे लेखी तक्रार, त्यांना आठ आठवडे. अंतिम उत्तर आल्यावर सहा महिन्यांच्या आत ओम्बड्समनकडे. तक्रारदाराला ही सेवा फुकट आहे. हे इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये व्यवस्था वेगळी.

अपघाताच्या भरपाईतून फर्मने परस्पर फी कापून घेतली असेल तर ऑक्टोबर २०२४ मधला मेन्झीज विरुद्ध ओकवुड सॉलिसिटर्स हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिला सांगा. बिलाच्या रकमेला पक्षकाराने संमती दिल्याशिवाय नुसतं कापून घेणं म्हणजे बिल चुकतं होणं नव्हे, असं त्यात ठरलं.

वकिलांशी फीवरून बोलणं बंद आहे आणि परवा तारीख आहे. जाऊ का?

जा. लवकर जा. कोर्टाच्या दाराबाहेर लावलेल्या बोर्डावर आपला नंबर बघा, पुकारा झाला की उभे राहा आणि न्यायाधीशांना मराठीत सांगा की वकील बदलायचा आहे, मुदत द्यावी. रोजनाम्यात तेवढी ओळ येऊ द्या. घरी येऊन ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये आपल्या केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाका आणि पुढची तारीख स्वतः कॅलेंडरवर लिहा.